पेसमेकर बसून चौदा महिने, अब्लेशन होऊन आठ महिने

पेसमेकर डाव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाखाली बसवतात. म्हणजे जिथे साडीचा पदर येतो आणि पिन लागते, नेमकं तिथेच. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बसवणारे सगळे पुरुष, त्यांच्या डोक्यात कशाला येईल! पहिले दोन महिने गाऊनवर काढले, मग टेलरबाईकडून डावा खांदा रुंद ठेवून ब्लाउज शिवून घेतले. पिन लावणं सोडलंच.

माझं वय ६६, निवृत्त शिक्षिका, राहायला कराडला. छातीत मधूनच पारवा फडफडल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं सगळ्यांनी ते पित्तावर ढकललं, मीसुद्धा. एकदा देवापुढे निरांजन लावता लावता डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा हे तोंडावर पाणी मारत होते. मग चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं यंत्र, लावलं. त्यात ठोके मध्येच १५० वर, आणि ती पळापळ थांबली की चार-साडेचार सेकंद काहीच नाही. कागदावर नुसती सरळ रेघ. वेग कमी करायची गोळी द्यावी तर हे थांबणं वाढणार, म्हणून आधी पेसमेकर, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी समजले, यंत्र बसलं की फडफड गेली. दुसऱ्या महिन्यात रात्री दीड वाजता तीच फडफड. मशीन बिघडलं म्हणून मुलाने गाडी काढली. तपासताना छातीवर कॉम्प्युटरच्या माउससारखी एक वस्तू ठेवतात आणि समोरच्या पडद्यावर सगळा हिशेब येतो. तपासणारा मुलगा म्हणाला, "काकू, मशीन एकदम ओके आहे. हे काम त्याचं नाहीच." ठोका यायला उशीर झाला तर ते टोचतं, ठोके उधळले तर धरत नाही. माझ्या वडिलांकडे बैल होते, त्यामुळे चटकन कळलं. ही पराणी आहे, वेसण नाही. एवढंच कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र आणि कॅज्युअल्टीचं बिल, दोन्ही वाचलं असतं. फायदा एकच, पेसमेकर पाठीशी असल्यामुळे वेग कमी करायची गोळी बिनधास्त देता आली. पण ती मला पुरली नाही.

म्हणून अब्लेशन. फुप्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हे भलते ठोके बहुतेक वेळा सुरू होतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात आणि त्या तोंडांभोवती चटके देऊन बांध घालतात. मला भूल होती, काही कळलं नाही. त्रास नंतरचा. सहा तास पाय न हलवता उताणं पडायचं, आणि पुढे आठवडाभर जांघ वांग्यासारखी जांभळी.

तिसऱ्या आठवड्यात फडफड परत आली. मी सरळ रडले. पण पहिले दोन-तीन महिने हिशेबातच धरत नाहीत म्हणे, आतल्या जखमा भरेपर्यंत हृदय चिडलेलं असतं. माझ्या बाबतीत तरी ते खरं निघालं. पेसमेकर फडफडीची नोंद ठेवतो, आपल्याला न जाणवलेलीसुद्धा. अब्लेशनच्या आधी अठरा टक्के वेळ फडफड होती, गेल्या तपासणीत एक टक्क्याहूनही कमी. एक मात्र नीट ऐका. अब्लेशननंतरच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा गिळताना दुखलं, तर पित्ताची गोळी घेऊन घरी बसू नका. अब्लेशन केलेल्या डॉक्टरांनाच फोन करा. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे. फडफड गेली तरी वय आणि बीपी कुठे गेलंय! विळीवर बोट कापलं तर दहा मिनिटं फडकं दाबून धरावं लागतं.

पेसमेकर बसवल्यावर डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा यांनी माझी वेणी घातली. तिपेडी काही जमली नाही, नुसता पीळ. मी मात्र भीतीपोटी हात त्यानंतरही हलवलाच नाही आणि खांदा धरला. दोन महिने व्यायामाला जावं लागलं. गाडीत पुढे डाव्या सीटवर बसलं की पट्टा नेमका यंत्रावर येतो. मध्ये नॅपकिनची घडी ठेवते, पट्टा सोडत नाही.

घरात मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह कशाचाच त्रास नाही. इंडक्शनपासून दोन फूट लांब राहायचं, म्हणून ती सुनेकडे आणि गॅस माझ्याकडे. मोबाइल उजव्या कानाला. देवळात मेटल डिटेक्टरच्या कमानीतून थांबून न राहता पुढे जाते. हातातली दांडी छातीवर फिरवायला लागले की पेसमेकरचं कार्ड दाखवते. खरा ताप झाला भाच्याचा. तो मॅग्नेटिक गादी विकतो आणि "मावशी, हार्टला तर फारच उत्तम" म्हणत ती आमच्या पलंगावर अंथरून गेला. लोहचुंबक जवळ आलं की पेसमेकर आतले ठोके न बघता आपला ठरावीक ठेका धरतो. गादी त्याच दिवशी परत पाठवली. भाचा अजून रुसलेला आहे.

बॅटरी आणखी नऊ वर्षं जाईल असं तपासणीत दिसतं. मग तारा बऱ्या असल्या तर फक्त डबी बदलतात. दहन करायच्या आधीही ती काढून घ्यावी लागते, नाहीतर उष्णतेने फुटते. हे मुलाला सांगायला गेले तर तो उठूनच गेला. सुनेने कार्डाच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवलं आणि म्हणाली, "आई, चहा ठेवते. तुम्ही बसा, मी इंडक्शनवरच करते."