वाचनकक्ष की फिरती पेटी? कोकणातल्या शाळेला पुस्तके देण्यापूर्वी

गणपतीत गाव भरला की वाडीच्या मंडळाच्या बैठकीत शाळेचा विषय निघतोच. वर्गणी जमते आणि दोन सूचना पुढे येतात: शाळेची एक खोली सजवून वाचनकक्ष करू, नाहीतर पुस्तके घेऊन देऊ. माझे मत आधीच सांगते. वाडीवरच्या लहान शाळेसाठी खोलीवर पैसे घालू नका. एका केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण खात्याने एका गटात ठेवलेल्या जवळपासच्या, सात-आठ शाळांमध्ये फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या करा. मोठ्या शाळेचा हिशोब वेगळा, तो पुढे येईल.

समजा, मंडळाकडे ४०,००० रुपये आहेत. रंग, दोन लोखंडी कपाटे, बुटकी टेबले, सतरंज्या आणि दारावर देणगीदारांची पाटी यांतच बरीचशी रक्कम जाते. पुस्तकांच्या वाट्याला उरलेसुरले येते. तेच पैसे पेट्यांना लावून पाहा. लहान मुलांची चांगली मराठी चित्रपुस्तके साधारण ५० ते १०० रुपयांत मिळतात. सरासरी ७० रुपये धरले, तर आठ पेट्यांत प्रत्येकी ४० अशी ३२० पुस्तके २२,४०० रुपयांत येतात. झाकणाच्या प्लास्टिक पेट्यांना सहा-सात हजार. उरलेले अकरा हजार राखून ठेवा, कारण पुस्तके फाटणार, हरवणार, आणि ती तशी फाटायलाच हवीत. प्रत्येक पेटीत वेगळी पुस्तके ठेवली आणि वर्षात चार वेळा जरी पेटी बदलली, तरी बारा मुलांच्या शाळेला १६० पुस्तके मिळतात. पेट्या कोण नेणार, हा प्रश्न हमखास विचारला जातो. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्राच्या बैठकीला, एकत्र येतातच. अदलाबदल तिथे करावी. पेटी मोटारसायकलवर मागे बांधता येईल एवढीच असावी.

कोकणात पटाचा विचार टाळता येत नाही. तरुण कुटुंबे मुंबई-पुण्याला गेली, वाडीच्या शाळेत दहा-पंधरा मुले उरली. २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचे, म्हणजे अशा शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले होते. तुमच्या शाळेचे काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. मुले दुसरीकडे गेली तर पेटी त्यांच्यामागे जाते. रंगवलेली खोली जागच्या जागी राहते.

मग पाऊस. जांभ्याच्या भिंती जूनपासून ओल धरतात. भिंतीला टेकवलेल्या बंद कपाटात श्रावण संपेपर्यंत पुस्तकांवर बुरशी चढते, कसर आणि वाळवी लागते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर असले पाहिजे. डांबरगोळ्या ठेवू नका. लहान मुले हाताळणार, तोंडात घालणार. रोज उघडले जाणारे पुस्तक सहसा बुरशीत सापडत नाही, हाच सगळ्यात स्वस्त उपाय. मोठ्या संकटापुढे मात्र काहीच टिकत नाही: जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडची छपरे उडाली, जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके पाण्यात गेली. म्हणूनही सगळे एका खोलीत कोंबू नये.

तरीही पुस्तकांचा खरा शत्रू कुलूप आहे. देणगीची पुस्तके डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढतात, आणि उद्या तपासणीत एक कमी निघाले तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. मग ते मुलाला घरी न्यायला देतील कसे? त्यांना दोष देऊन उपयोग नाही. देणगीपत्रातच स्पष्ट लिहा: पुस्तके घरी न्यायला द्यावीत, फाटली किंवा हरवली तर देणगीदारांची हरकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव घ्या. माझ्या मते हा एक कागद कपाटापेक्षा मोलाचा आहे. पुस्तक घरी गेले की धाकटे भावंड बघते, आजी ऐकते.

वाचनकक्ष शोभतो तो सातवीपर्यंतच्या, शंभरेक पटाच्या, बाजारपेठेच्या गावातल्या शाळेला. तिथेही एक अट घाला: संध्याकाळी खोली उघडणारे माणूस आधी मिळाले पाहिजे. निवृत्त गुरुजी असोत, बचत गटातल्या ताई असोत, त्यांना महिन्याला थोडे मानधन द्या. गावात ‘ड’ वर्गाचे, म्हणजे सरकारी श्रेणीतले सगळ्यात लहान, सार्वजनिक वाचनालय असेल, तर शाळेत नवी खोली करण्याऐवजी तिथेच बालविभाग उभा करा. कोकणाला वाचनालये नवी नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे.

खरेदीपूर्वी शाळेतले कपाट उघडून बघा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय असणे अपेक्षित आहे आणि समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, त्यामुळे काही संच आधीच असू शकतो. मुंबईतल्या घरातली रद्दीला निघालेली गाइडे, जुनी इंग्रजी पुस्तके गाडीत घालू नका. पहिलीतले मूल घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलते. त्याला मोठी चित्रे आणि पानावर एक-दोन ओळी लागतात. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनाच्या पुस्तकांवर १ ते ४ वाचनपातळ्या छापलेल्या असतात, १ सगळ्यात सोपी. दर पेटीत निम्मी पुस्तके पहिल्या दोन पातळ्यांची घ्या. वरच्या वर्गांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ची वर्गणी भरा. दर महिन्याला नवा अंक येण्याची वाट पाहणे मुलांना फार आवडते.

पेट्या गणपतीत द्यायचा मोह होतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मुले उत्सवात. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की द्या. पावसाळ्यापूर्वी दोन-तीन फेऱ्या होऊन कुठली पुस्तके चालतात ते कळते. पुढची भर मुंबईहून टपालाने पाठवता येते: टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा दर मे २०२५ मध्ये सुरू झाला.