हॉलमधले पहिले हात

जानेवारीत कापूस विकून पैसा नुकताच हातात आला होता. आमचं गाव पारोळा तालुक्यात. मेहुणे म्हणाले, "जळगावला मेळावा आहे, गुंतवायचं नाही, नुसतं ऐकायला चला." गेलो.

योजना अशी होती: एक लाख भरा, दर महिन्याला दहा हजार घ्या, पंधरा महिने. म्हणजे लाखाचे दीड लाख. धंदा कोणता, हे कोणी सांगितलंच नाही. स्टेजवर एकेकाला बोलावून चेक देत होते, टाळ्या वाजत होत्या. मग माईकवरचा म्हणाला, "आज कोण कोण भरणार? हात वर!" पुढच्या दोन रांगांतले हात एकदम वर गेले. मग मागचे, मग आमच्या गावातल्या तिघांचे. मेहुण्यांनी वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीचे एक बाबा होते. ते उभे राहून अहिराणीत म्हणाले, "पन भाऊ, तुमना धंदा कोनता शे? हाऊ पैसा येस कोठेन?" सगळा हॉल त्यांच्याकडे असा बघायला लागला, जणू त्यांनी लग्नात अपशकुन केला. दोन पोरं आली, "बाबा, चहा घ्या, सगळं समजावतो" म्हणत खांद्याला धरून त्यांना बाहेर घेऊन गेली. त्यांची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. माझ्या मनात तोच प्रश्न होता. मी खाली मान घातली आणि हात वर केला. एक लाख भरले.

दोन हप्ते ठरल्या तारखेला आले. आता कळतं, ते माझेच पैसे मला परत देत होते. पण तेव्हा मी चोपड्याच्या बहिणीला फोन करून सांगितलं, "बिनधास्त टाक." तिने पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले दीड लाख टाकले. मी आणखी एक लाख चाळीस हजार भरले. पुढच्या मेळाव्यात हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो, आणि माझ्याकडे बघून गावातल्या दोघांनी हात वर केले. हे लिहिताना आजही जीव तुटतो.

चौथ्या हप्त्याला ऑफिसला कुलूप. पुढच्या रांगेत बसायचा त्यातला एक पोरगा नंतर बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "काका, आम्हाला दिवसाचे पाचशे मिळायचे. हात वर करायचे, टाळ्या वाजवायच्या."

माझी मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र शिकते. तिने अमेरिकेतल्या सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५१ चा प्रयोग सांगितला. समोर रेघा, कोणती सारख्या लांबीची ते सांगायचं. लहान पोरही ओळखेल इतकं सोपं. पण खोलीत खरा परीक्षा देणारा एकच, बाकी सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. अशा परीक्षा देणाऱ्यांतले चारपैकी तीन जण त्यांच्यामागे जाऊन एकदा तरी चुकीचं बोलले. आणि पढवलेल्यांतला एकच जण खरं बोलायला लागला की चुका पाव हिश्श्यावर आल्या. एकच माणूस! त्या बाबांना चहाला का नेलं, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही अकरा जणांनी आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे. ठेवीदारांच्या हिताचं रक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. पण वेळ लागतो. ठेवी घ्यायची परवानगी कोणाला आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर आधी बघता येतं. मी बघितलं नाही. तुमच्याही पावत्या अडकल्या असतील तर लाजेने फाडू नका, घेऊन या. गावात नाव जाईल म्हणून बरेच जण अजून गप्प आहेत.

बहीण या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, तू सांगं म्हनीसन दिधात." (तू सांगितलंस म्हणून दिले.)