टेन्शन आलं की श्वास मोजायचा की वहीत लिहायचं?
छातीत धडधडतंय, हात थंड पडलेत, अशा वेळी वही शोधत बसण्यात अर्थच नाही, तेव्हा श्वासच. चार सेकंद मोजत आत, सहा सेकंद मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात, आणि सोडताना जास्त वेळ घेतला की व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा मज्जातंतू) हार्टरेट खाली यायला मदत होते. फुकट आहे, मीटिंगमधे बसूनही जमतं. पण तोच विचार रोज रात्री परत येत असेल तर कितीही मोजा, तो तिथेच. तिथे लिहिणं भारी. पेनबेकर आणि बीऑल या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी १९८६ मधे तपासलेली पद्धत सोपीये, रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात! लिहिल्यावर लगेच मूड थोडा उतरतो हां, म्हणून झोपायच्या तोंडावर नकोच. पॅनिक वारंवार येत असेल तर मात्र दोन्हींवर भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.