पैसे मॅनेज्ड स्विचचे, माल साधा

परळला आमचं छोटं अकाउंट्सचं ऑफिस आहे. नेटवर्क नव्याने ओढून घेताना माझी मागणी एकच होती: क्लायंटचे हिशोब असलेले कॉम्प्युटर, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय एकमेकांना दिसता कामा नयेत. ठेकेदार म्हणाला, "मग मॅनेज्ड स्विच लागेल साहेब, व्हीलॅन करून देतो." स्विच म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा, मॅनेज्ड म्हणजे ज्याची सेटिंग बदलता येते असा, आणि व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क. लॅमिंग्टन रोडवरून 24 पोर्टचा आणला. स्विचचे 22,000, सेटिंगचे वेगळे 4,000. निळ्या, पिवळ्या, लाल केबल लावल्या, लॅपटॉपवर पासवर्ड टाकून एक पान दाखवलं. मी मान डोलावली.

चार महिन्यांनी आमच्या पोऱ्याने टेबल सरकवताना लोंबणारी केबल उचलून भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचली. दोन्ही टोकं एकाच स्विचवर. मिनिटभरात सगळं ठप्प, तेही 20 तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी!

डोंबिवलीहून भाचा धावत आला. स्विचचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. "मामा, लूप झालाय. तेच तेच पॅकेट गोल फिरतंय. स्पॅनिंग ट्री, म्हणजे मॅनेज्ड स्विचमधली लूप ओळखणारी सोय, चालू असती तर तो पोर्ट आपोआप बंद पडला असता." मग त्याने स्विच उलटा केला, मागचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. अनमॅनेज्ड! केबल लावा नि चालू. सेटिंग असं काही नसतंच त्यात.

मग ते पासवर्डवालं पान? ते राउटरचं होतं. आणि त्याचे व्हीलॅन म्हणजे नुसत्या वेगवेगळ्या आयपी रेंज, म्हणजे प्रत्येक गटाला वेगळे नेटवर्क पत्ते, मधे भिंत काहीच नाही. भाच्याने पाहुण्यांच्या वायफायवर बसून लॅपटॉपला हाताने कॅमेऱ्यांच्या रेंजमधला आयपी दिला, आणि कॅमेऱ्याचं लॉगिन समोर हजर. केबलचे रंग तेवढे खरे.

स्विच वाईट नाही हो. चार-पाच कॉम्प्युटरच्या दुकानाला असाच पुरतो, आणि स्वस्तही पडतो. पण तुम्ही मॅनेज्डचे पैसे मोजत असाल, तर बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. राउटरची केबल काढायला लावून मगच स्विचचं पान उघडून दाखव म्हणा. आणि भाच्याने केली तीच चाचणी पैसे देण्याआधी ठेकेदारासमोर करा.

माझ्या बिलावर फक्त "24 पोर्ट स्विच" एवढंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोटेशनमध्ये मात्र "मॅनेज्ड" असं स्पष्ट लिहिलंय. तो स्क्रीनशॉट पाठवल्यावर ठेकेदार सेटिंगचे 4,000 परत करायला तयार झाला. सोमवारी देतो म्हणालाय. असे तीन सोमवार झाले.