बुंदीची एपिसिओप्लास्टी (योनीमुखावरची जादा कातडी काढायचं ऑपरेशन): कोथरूडच्या सर्जनबद्दल

बुंदी म्हणजे आमची लॅब्रॅडॉर, सहा वर्षांची. तिच्या लघवीच्या इन्फेक्शनपायी आम्ही पार मेटाकुटीला आलो होतो. थेंब थेंब शू, दिवसभर चाटणं, सोफ्याला वास. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की थोडे दिवस बरं, की परत येरे माझ्या मागल्या. आधीच्या दवाखान्यात दर वेळी नवी चिठ्ठी मिळायची, पण शेपटी उचलून कुणी बघितलं नाही.

कोथरूडच्या या सर्जननी सगळ्यात आधी तेच केलं. ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी कातडीची घडी वर ओढली आणि मलाही वाकून बघायला लावलं. आत लालभडक, ओलंगच्च, कडेचे केस तपकिरी पडलेले. योनीमुख त्या घडीखाली पूर्ण झाकलं गेलं होतं. लघवी तिथेच साचते, हवा लागत नाही, मग जंतूंचं फावतं आणि ते वर मूत्राशयापर्यंत चढतात. पहिल्या हीटच्या (माजाच्या) आधी स्पे केलेल्या, म्हणजे नसबंदी झालेल्या, किंवा लठ्ठ फिमेलमध्ये हे जास्त दिसतं म्हणाले. बुंदी दोन्हीत बसते. (सासूबाईंच्या पोळीच्या तुकड्यांवर इथे जास्त बोलत नाही.)

लगेच कापायची घाई केली नाही, हे मला फार आवडलं. सोनोग्राफीत मूतखडा नसल्याची खात्री केली. पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी काढली, कारण बाहेर पडताना तिच्यात कातडीवरचे जंतू मिसळतात. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला, आणि इतके दिवस दिलेल्या गोळीला तो दादच देत नव्हता! मग त्याला चालणारं औषध दिलं. वजनाच्या बाबतीत मात्र डॉक्टर कडक. "ताई, चरबी उतरली नाही तर घडी परत येईल, माझे टाके फुकट जातील." पोळी बंद झाली, जेवण वजनकाट्यावर आलं, तेव्हा कुठे तारीख मिळाली.

ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन जादा कातडीची चंद्रकोरीसारखी पट्टी काढतात आणि कडा शिवतात. संध्याकाळी घरी आणलं. सुरुवातीची सूज बघून पोटात गोळा येतो, पण त्याची कल्पना आधी दिली होती. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात, तोवर गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची कॉलर) हवाच. एकदा चाटलं तरी टाके उसवू शकतात.

आता तक्रारी. दवाखान्याने दिलेला कोन इतका तकलादू की बुंदीने दाराच्या चौकटीला आपटून फोडला, दुसरा बाहेरून आणावा लागला. कल्चर आणि सोनोग्राफीचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले नव्हते, ते आधी विचारून घ्या. फोन सहसा उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपला उत्तर येतं. कुत्री-मांजरं एकाच बाकावर, त्यामुळे गोंधळ ठरलेला. एक स्टार त्याचा कापला.

ऑपरेशननंतरचं कल्चर स्वच्छ आलं. बुंदीचं चाटणं थांबलंय, रात्री शूसाठी उठवत नाही.

जाताना जुने रिपोर्ट आणि आधीच्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या न्या. तुमचं फिमेल पिल्लू अजून स्पे झालेलं नसेल आणि अशी घडी दिसत असेल, तर पहिली हीट होऊ द्यायची का हे आधी विचारा. काहींची घडी त्यानंतर आपोआप सुटते.