पाटणादेवीची सहल : गाडी बरी, जेवण सुमार, दगड मात्र पैसे वसूल

चाळीसगावजवळच्या पाटण गावी, पाटणादेवीच्या डोंगरात नेणारी, धुळ्याहून निघणारी ही एक दिवसाची सहल आम्ही दोघांनी श्रावणातल्या एका रविवारी केली. माणशी 1,250 रुपये. त्यात जाणं-येणं, नाश्ता, दुपारचं जेवण आणि गाइड. जाहिरातीत होतं, 'ज्या यादव राजांनी मराठी अस्मिता घडवली, त्यांच्या भूमीत चला'. मी मार्केट यार्डात अडत दुकानावर 22 वर्षं मुनिमी करतोय. आमच्याकडे असं मोठं वाक्य ऐकलं की आधी पावती मागतात.

गाडी साडेसहाची, आली सव्वासातला. एसी चाळीसगावपर्यंत टिकला, पुढचे 18 किलोमीटर खिडक्या उघड्या. त्याचं दुःख नाही, कारण पावसाळ्यात तो डोंगर खिडकीतूनच बघावा. नाश्त्याचे पोहे गार होते. ड्रायव्हर मात्र एक नंबर, घाई नाही, हॉर्न नाही.

गाइड पंचविशीतला मुलगा, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. आधी त्याने महादेवाचं जुनं देऊळ दाखवलं आणि 'हे हेमाडपंती' म्हणाला. मी विचारलं, "इथल्या लेखात शके 1075 आहे ना? म्हणजे 1153. हेमाद्री, म्हणजे ज्याच्यावरून 'हेमाडपंती' म्हणतात तो हेमाडपंत, तर महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, शंभर वर्षांनंतरचा. मग?" तो म्हणाला, "काका, शैलीला म्हणतात तसं." बरोबर आहे, म्हणतात. पण मंत्री जन्मायच्या आधीच्या देवळालाही आपण त्याचंच नाव देऊन मोकळे होतो, आणि राजांच्या बाबतीतही आपला हाच खाक्या असतो, असं मला वाटून गेलं. बोललो नाही. सौ. डोळे वटारत होती.

मग शिलालेख. सहलीचे पैसे इथे वसूल होतात, फक्त गाइडने इथे दहाच मिनिटं ठेवली होती. सिद्धांतशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि यादवांचा मांडलिक निकुंभ राजा सोन्हदेव याने त्या मठाला शके 1128 मध्ये दान दिलं. एवढं गाइडने छान सांगितलं. राजवंश, पराक्रम, विद्वत्ता, हे सगळं लेखात संस्कृतात आहे. तिथेच त्याने हात वर करून जाहीर केलं, "याच राजांनी आपल्याला मराठी म्हणून ओळख दिली!" आणि टाळ्या घेतल्या.

पण लेख तिथे संपत नाही. शेवटच्या ओळी मराठीत आहेत. दगडावरची अक्षरं मला काही लागेनात, म्हणून छापील वाचनाची झेरॉक्स घरून नेली होती. ती वाचली आणि मी खुळ्यासारखा हसलो. अहो, ही तर आमची सौदापट्टी, मालाच्या हिशोबाची पावती! या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला जाणारा कर आता मठाला. जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे 'पळी पळी तेला'. इथे जे 'मविजे', म्हणजे मोजायचं, ते मठाच्या मापाने मोजायचं, आणि मापणावळीतला, म्हणजे मोजण्याच्या मजुरीतला, अर्धा वाटा मठाला, अर्धा मापणाऱ्याला. आमच्याकडे अडत, तोलाई, हमाली यांचे आकडे लावताना मापाड्याचा वाटा कुठे गेला यावरून आजही हमरीतुमरी होते. तेव्हाही होत असणार, नाहीतर 'अर्धा' असं दगडात कोरून कशाला ठेवतील?

राजाची कीर्ती संस्कृतात, कारण ती पंडितांनी वाचायची. तेलाचा हिशोब मराठीत, कारण तो तेल्याला कळायला हवा. मग ओळख कोणी कोणाला दिली? तेली-वाणी ती भाषा बोलतच होते, दरबाराला तिच्याकडे यावं लागलं. यादवांचे स्वतःचे कितीतरी लेख कानडीत आहेत, आणि त्यांच्या मुलखाला सेउणदेश म्हणत.

देवळाबाहेर एक आजी विचारत होती, "भाऊ, नारय लेवाना शे का?" म्हणजे नारळ घ्यायचाय का? ही अहिराणी कोणत्या राजाने दिली, हे गाइडला विचारायचं राहून गेलं. आमच्या गाडीतच घरी अहिराणी बोलणारे, लेवा बोलणारे आणि एक गुजर कुटुंब होतं. शेंगदाणे सगळ्यांनी एकाच पुडीतून खाल्ले.

जेवणाबद्दल लिहू नये असं वाटतं, पण लिहितो. 'अस्सल खान्देशी थाळी' म्हणून पनीर आणि गोडसर डाळ आली. श्रावण होता म्हणून वांग्याचं भरीत नको, हे एक वेळ मान्य. मग पातोडीची भाजी करा, वरण-बट्टी करा! शेवभाजी मागितली तर तिखट कमी करून देऊ म्हणाले. बोलणंच खुंटलं.

परतीच्या गाडीत मी गाइडच्या शेजारी बसलो. त्याचं म्हणणं, राजाशिवाय काही टिकत नाही. मी म्हटलं, आपल्याच नावाचं बघ. फारुकी सुलतानांच्या 'खान' पदवीवरून खान्देश झाला असं सांगतात, म्हणजे राजा नाव देऊ शकतो, कबूल. पण 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि मुलगा दानियाल याच्या नावाने मुलखाचं 'दानदेश' केलं. एवढा मोठा बादशहा! आज धुळ्याच्या बस स्टँडवर दानदेशचं तिकीट मागून दाखव.

तो हसला, पण हरला नाही. म्हणाला, "मग पंढरपूर?" इथे मला थांबावं लागलं. विठ्ठलाच्या देवळातला 1273 चा दानाचा लेख, त्यात रामचंद्रदेव यादव दान देणाऱ्यांत आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटीही त्याचंच नाव येतं. राजा चालत्या दिंडीत सामील झाला, दिंडी त्याने काढली नाही, असं मी उत्तर दिलं. पण राजा येऊन उभा राहिला की मागचा घोळका मोठा होतो, हेही खरंच. शिरूडच्या पुढे अंधार पडला आणि वाद तसाच राहिला.

पोरगा गुणी आहे. उतरण्याआधी त्याने मराठी ओळी वहीत उतरवून घेतल्या, 'मविजे'चा अर्थ दोनदा विचारला. शिलालेखापाशी अर्धा तास द्या, एवढं मी आयोजकांना फोनवर सांगितलंय.

पाच पैकी साडेतीन. डबा घरून न्या.