भाषाविज्ञानाचं पहिलं पुस्तक: यूल घ्यावं की फ्रॉमकिन?

एमएला भाषाविज्ञान घेतलंय, किंवा साहित्य शिकता शिकता या विषयाची गोडी लागलीय आणि एकच इंग्रजी पुस्तक घ्यायचंय, अशा वेळी बहुतेकांचा विचार दोन नावांपाशी येऊन अडतो. एक जॉर्ज यूल यांचं 'द स्टडी ऑफ लँग्वेज' (१९८५) आणि दुसरं व्हिक्टोरिया फ्रॉमकिन व रॉबर्ट रॉडमन यांचं 'ॲन इंट्रोडक्शन टू लँग्वेज' (१९७४, पुढच्या आवृत्त्यांत नीना हायम्सही आहेत). मी दोन्ही वापरली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणाऱ्या सोस्यूरचं नाव वर्गात लगेचच निघतं, म्हणून काही जण थेट त्याच्या व्याख्यानांच्या पुस्तकाला हात घालतात. माझं मत विचाराल तर थोडं थांबा. ते पुस्तक १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सिद्ध झालं. चिन्हाचा विचार त्यात खोल आहे, पण समोरच्या भाषेचा ध्वनी कसा ऐकायचा, शब्द कसा उकलायचा, याचा सराव त्यातून होत नाही.

यूल यांची मोठी जमेची बाजू म्हणजे भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही शब्दकोश न उघडता वाचता येईल असं इंग्रजी, आणि एका बैठकीत संपतील अशी प्रकरणं. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय आणि ऐकणारा ते कसं ओळखतो, हा भाग तर त्यांचा हातखंडा आहे; संभाषणाच्या अभ्यासावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकंही लिहिली आहेत. परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल आणि सगळ्या शाखांची तोंडओळख हवी असेल, तर मी निःशंकपणे यूल सुचवेन.

माझी अडचण झाली ती ध्वनींच्या प्रकरणात. इंग्रजी 'टार'मधला 'ट' हवेच्या झोतासह येतो, 'स्टार'मधला येत नाही; तोंडासमोर हाताची मागची बाजू धरा आणि दोन्ही शब्द म्हणा, असं यूल सांगतात. फ्रॉमकिनमध्ये हाताऐवजी कागदाची पट्टी आहे: 'पिट' म्हटलं की हलते, 'स्पिट' म्हटलं की हलत नाही. आता हा प्रयोग तुम्ही करून बघा. आपल्यापैकी बहुतेक जण इंग्रजी बोलतानाही आपलाच, झोत नसलेला 'प' वापरतात, त्यामुळे पट्टी दोन्ही वेळा ढिम्म राहते. प्रयोग फसतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपल्यालाच ऐकू येत नाहीये. स्वनिम, म्हणजे ज्याने शब्दाचा अर्थ बदलतो असा ध्वनी, ही या विषयाची पायाभूत कल्पना, आणि तिथेच पाय अडकतो. मी शिकवायला लागल्यावर हे वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

खरं तर महाप्राण, म्हणजे हवेच्या झोतासह येणारा ध्वनी, आपल्याला कोणी शिकवायला नको. 'ताट' आणि 'थाट', 'पळ' आणि 'फळ' यांत गल्लत कोण करतो? फरक इतकाच, की आपल्याकडे त्या झोताने अर्थ बदलतो आणि इंग्रजीत बदलत नाही. यूल इंग्रजीपुरतं सांगून पुढे जातात. फ्रॉमकिन मात्र इंग्रजीशेजारी थाई भाषा ठेवतात: तिथे 'पा' म्हणजे अरण्य, आणि तोच 'प' महाप्राण केला की 'चिरणे'. ते उदाहरण वाचताना आपली मराठी थाईच्या बाजूला उभी आहे हे चटकन लक्षात येतं आणि स्वनिम म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसतं. माझ्या बाबतीत पारडं झुकलं ते इथे.

दुसरं कारण सरावाचं. यूलमध्येही प्रकरणाच्या शेवटी कामं दिलेली आहेत, पण मजकुरात ते उदाहरण देतात आणि पुढच्याच ओळींत स्वतः सोडवूनही दाखवतात. फ्रॉमकिन तुमच्यापुढे मिचोआकान अझ्टेक या मेक्सिकोतल्या भाषेचे शब्द टाकतात: नोकाली 'माझं घर', मोकाली 'तुझं घर', इकाली 'त्याचं घर', नोकालीमेस 'माझी घरं'. यातलं घर कुठलं, माझं कुठलं, अनेकवचन कुठलं, हे तुम्ही पेन्सिल घेऊन शोधायचं. ही भाषा आपण कोणीच ऐकलेली नसते, त्यामुळे इंग्रजी उत्तम असलेला आणि जेमतेम असलेला, दोघं एकाच ओळीवर येतात. हे मला फार मोलाचं वाटतं. अशी पाचसहा कोडी सोडवली की 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ' वेगळा का येतो, हा प्रश्न आपसूक पडायला लागतो.

फ्रॉमकिन निर्दोष आहे असं नाही. पुस्तक जाड आहे, किंमतही त्या मानाने जास्त, आणि अधूनमधून येणारी अमेरिकन व्यंगचित्रं आपल्यापर्यंत पोचतातच असं नाही. वाक्यविचाराचं प्रकरण एकट्याने वाचायला जड जातं. तिथे कोणाची तरी सोबत हवी. शिवाय 'तिने पोळी खाल्ली' यात क्रियापद तिच्याऐवजी पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे का चालतं, याचं समाधानकारक उत्तर या दोन्ही पुस्तकांत शोधू नका. त्यासाठी मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) जवळ ठेवा, त्यातला प्रयोगविचार (कर्तरी, कर्मणी वगैरे) तर नक्की वाचा. भाषांचा इतिहास आणि बोलींचा पसारा आपल्या भाषेत समजून घ्यायचा असेल, तर ना. गो. कालेलकरांचं 'भाषा: इतिहास आणि भूगोल' आहेच. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे.

विषयात पुढे राहायचं असेल तर मी फ्रॉमकिन घेईन आणि यूल ग्रंथालयातून आणून वाचेन. नवीच आवृत्ती हवी असा हट्ट धरू नका. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तरी ध्वनी आणि रूपविचार (शब्दांची घडण) यांसाठी ती पुरेशी आहे. फक्त आधीच्या मालकाने सगळे सराव पानावरच सोडवून ठेवलेले नाहीत ना, हे घेण्यापूर्वी चाळून बघा.